एक महिना, बावन्न अध्याय: व्हिक्टोरियन कादंबरीवाचनाच्या आखणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकमधल्या सात जणांच्या एका वाचकगटाचं आहे. गटाचं वेळापत्रक आखायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे पुढे येणाऱ्या चुकांपैकी बऱ्याचशा माझ्या आहेत. कोणाचंही नाव इथे दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

गटात कोण आहे ते आधी सांगायला हवं, कारण सगळे निर्णय माणसं पाहूनच घ्यावे लागले. शाळेत तीसेक वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाई. बँकेतून निवृत्त झालेले काका. ज्यांच्या घरी आम्ही जमतो त्या काकू. त्यांचं मराठी वाचन दांडगं, इंग्रजी मात्र वर्तमानपत्रापुरतं. औषधाचं दुकान चालवणारे दादा, जे गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्यावर बसून वाचतात. इंग्रजीत एम.ए. करणारी एक मुलगी, घरून काम करणारी आयटीतली ताई, आणि मी.

चार वर्षं आम्ही मराठीच वाचत होतो. इंग्रजीचा विषय बाईंनी काढला. त्यांचं म्हणणं असं, की १८३७ ते १९०१ हा व्हिक्टोरिया राणीचा काळ, आणि आपली कादंबरी जन्माला आली ती याच काळात. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ आली ती १८९० साली निघालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून, क्रमशः. हरिभाऊंच्या पिढीसमोर ज्या इंग्रजी कादंबऱ्या होत्या, त्यातलं काहीतरी आपण एकदा मुळातून वाचू, एवढंच त्यांना हवं होतं.

मी महिना धरला ऑक्टोबर. इंग्रजी वाचकांमध्ये ऑक्टोबरात व्हिक्टोरियन पुस्तकं वाचायची पद्धत आहे, ‘व्हिक्टोबर’ म्हणतात त्याला. यादी मी आणि एम.ए.च्या मुलीने एका संध्याकाळी केली: ‘जेन एअर’, ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’, ‘मिडलमार्च’, ‘द मूनस्टोन’ आणि ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’. पाच आठवड्यांत पाच पुस्तकं. यादी दिसायला फार देखणी होती. ब्राँटे, डिकन्स, जॉर्ज एलियट, विल्की कॉलिन्स, हार्डी. एकही मोठं नाव सुटलं नव्हतं.

अडचण

बारा तारखेला ‘जेन एअर’ पूर्ण केलेली व्यक्ती एकच होती, ती म्हणजे एम.ए.ची मुलगी. बाईंनी तिसऱ्यांदा वाचत असूनही अर्धंच केलं होतं. काका पहिलं पुस्तक बाजूला ठेवून दुसऱ्यावर गेले, तेही अर्धं ठेवून ‘मिडलमार्च’ उघडून बसले, म्हणजे निदान वेळापत्रकाबरोबर तरी राहू. काकूंनी पहिल्या चार प्रकरणांपुढे पान उलटलं नव्हतं. नवरात्र सुरू होतं, त्यांच्या घरी घट असतात, पुढे दसरा, मग दिवाळीची साफसफाई. हे सगळं पंचांगात छापलेलं होतं. मी ते पाहिलं नव्हतं.

त्यात मी रोज रात्री गटावर ‘कोण कुठवर आलं?’ असा संदेश टाकत होते. हेतू चांगला होता. पण दादांनी उत्तरं देणं थांबवलं आणि दुसऱ्या बैठकीला ते आले नाहीत. नंतर रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, “ताई, सगळ्यांचे आकडे पुढे जाताना दिसतात आणि आपण पान चाळीसवर. यायला लाज वाटायला लागली.” वीस तारखेला मी महिना थांबवल्याचं कळवलं. कोणीच वाईट वाटून घेतलं नाही, आणि हेच मला जास्त लागलं. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं होतं.

नेमकं काय चुकलं हे कळायला मला जून उजाडला. तेव्हा कागद घेऊन बेरीज केली. ‘जेन एअर’ साधारण एक लाख पंच्याऐंशी हजार शब्दांची, ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ तेवढीच, ‘मूनस्टोन’ पावणेदोन-दोन लाखांच्या घरात, हार्डीची सव्वा लाखाच्या आसपास, आणि एकटी ‘मिडलमार्च’ तीन लाखांच्या वर. सगळी मिळून जवळपास दहा लाख शब्द. मग गटाला बोलावलं आणि ‘क्रॅनफर्ड’च्या पहिल्या प्रकरणावर वीस मिनिटं घड्याळ लावून प्रत्येकाने किती वाचलं ते पाहिलं. एम.ए.च्या मुलीचे साडेचार हजार शब्द झाले, काकूंचे दीड हजार, बाकीचे मध्ये कुठेतरी. मध्यावरच्या माणसाचा वेग तासाला नऊ हजार धरला तर दहा लाखांना एकशे अकरा तास लागतात. महिन्याचे दिवस एकतीस. म्हणजे रोज साडेतीन तास, सणासुदीत, एकही दिवस न चुकवता.

आळस, इंग्रजीची भीती, ‘जुनी भाषा जड जाते’ अशी जी कारणं आम्ही एकमेकांना आठ महिने देत होतो, त्यांची गरजच नव्हती. ते वेळापत्रक कोणालाही झेपणारं नव्हतं.

दुसरी अडचण प्रतींची. एकाची छापील प्रत, दुसऱ्याचा मोबाइल, तिसऱ्याकडे रद्दीच्या दुकानातून आणलेलं जुनं पुस्तक. बैठकीत “पान दोनशे चौदा काढा” म्हटलं की प्रत्येकाच्या दोनशे चौदाव्या पानावर वेगळंच काही असे. दादांनी ऑनलाइन मागवलेली एक प्रत तर संक्षिप्त निघाली, आणि ते कव्हरवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, आपल्याला गोष्टीचे धागे लागत नाहीत.

समोर आलेले पर्याय

जूनच्या त्या बैठकीत चार पर्याय मांडले गेले.

पहिला: तीच यादी, पण तीन महिन्यांत. हा काकांचा. हिशोबाने तो बसत होता, रोज सव्वा तास. मला तो नको होता, कारण तीन महिने सात जणांचा उत्साह टिकवणं म्हणजे पुन्हा ते रोजचे संदेश आले असते.

दुसरा: सगळी लहान पुस्तकं. ट्रॉलपची ‘द वॉर्डन’, जॉर्ज एलियटची ‘सायलस मार्नर’, गॅस्केलची ‘क्रॅनफर्ड’, डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’. पहिल्या तिन्ही सत्तर-बाहत्तर हजारांच्या आसपास, चौथी लाखाच्या थोडी वर. गंमत म्हणजे चारही मिळून बेरीज होते एका ‘मिडलमार्च’एवढी. दादा आणि ताई याच बाजूचे होते. बाईंनी विरोध केला, आणि त्यांचा मुद्दा मला आजही महत्त्वाचा वाटतो. त्या म्हणाल्या, या काळातल्या कादंबरीचा खरा गुण तिच्या ऐसपैसपणात आहे. एखाद्या कुटुंबात महिनाभर राहून आल्यासारखं वाटतं ते त्या लांबीमुळे. आठवड्याला एक घर बदललं तर ओळख कोणाशीच होणार नाही.

ही लांबी आली कुठून तेही त्यांनी सांगितलं. तेव्हा कादंबरी तीन खंडांत निघायची आणि तीन खंडांची किंमत असायची साडेएकतीस शिलिंग. एवढे पैसे घालून फारसं कोणी विकत घेत नसे; मुडीसारख्या वर्गणीच्या वाचनालयांतून लोक एकेक खंड आणत. नाहीतर कादंबरी हप्त्याने यायची, डिकन्सची ‘पिकविक’ महिन्याला एक शिलिंगच्या भागांतून, किंवा साप्ताहिकातून प्रकरण-दोन प्रकरणं. म्हणजे ज्या वाचकांसाठी ही पुस्तकं लिहिली त्यांनीही ती एका बैठकीत वाचली नव्हती.

तिसरा पर्याय एकट्या ‘मिडलमार्च’चा. मुळात ती आठ भागांत आली, डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२. आठवड्याला दोन भाग केले की चार आठवडे. एम.ए.च्या मुलीला हेच हवं होतं. पण रोजचे अकरा हजारांच्या आसपास शब्द होत होते, म्हणजे काकूंना जवळपास अडीच तास. काकूंना वगळून आखणी करायची का, हा प्रश्न त्या खोलीत होता, पण कोणी उच्चारला नाही.

चौथा काकूंनी स्वतःच मांडला: “मला मराठी अनुवाद आणून द्या. तुम्ही इंग्रजी वाचा, मी मराठी वाचते, बोलू सगळे एकत्र.” यात कमीपणा काहीच नव्हता. पण आमच्या वाचनालयात जे मिळालं ते मुलांसाठी केलेलं रूपांतर होतं, शंभर-सव्वाशे पानांचं. बाकीच्यांनी दोन लाख शब्द वाचायचे आणि काकूंनी गोष्टीचा सांगाडा, असं झालं असतं.

निर्णय कसा झाला

निर्णयाची किल्ली काकूंकडूनच आली. बाई हप्त्यांचं सांगत होत्या तेव्हा त्या मध्येच म्हणाल्या, “अहो, मग हे आपल्या सप्ताहासारखंच की. माझे सासरे गुरुचरित्राचा सप्ताह करायचे. पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी बारा, आणि पाचव्या दिवशी फक्त तीन.”

काकांनी विचारलं, “पाचव्या दिवशी तीनच का?”

“छत्तिसावा केवढा मोठा आहे! अध्याय मोजून वाटलेत थोडेच? कुठे थांबायचं ते बघून वाटलेत.”

मी हे वहीत लिहून घेतलं. पारायणाची वाटणी करणाऱ्याने दोन गोष्टी पाहिलेल्या असतात: अध्याय केवढा, आणि थांबा कुठे बरा. शिवाय रोज किती हे आधीच ठरलेलं असल्यामुळे वाचणाऱ्याला कोणाशी शर्यत लावावी लागत नाही. माझ्या ऑक्टोबरच्या वेळापत्रकात हे काहीच नव्हतं. त्यात पाच नावं होती आणि पाच रविवार.

त्यानंतर पुस्तक निवडायला फार वेळ लागला नाही. एलिझाबेथ गॅस्केलची ‘नॉर्थ अँड साउथ’: बावन्न अध्याय, एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास शब्द. बाईंची ऐसपैसपणाची अट पूर्ण होत होती आणि दादांना हवे तसे अध्याय आटोपशीर होते. ही कादंबरी डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या दोन पेनीच्या साप्ताहिकात सप्टेंबर १८५४ ते जानेवारी १८५५ अशी आली. इंग्लंडच्या दक्षिणेतल्या खेड्यातल्या एका धर्मगुरूची मुलगी, मार्गारेट, वडिलांबरोबर उत्तरेतल्या गिरण्यांच्या गावी राहायला येते. गावाचं नाव कादंबरीत मिल्टन आहे, पण ते मँचेस्टरच. लेखिका तिथेच राहायची, नवरा तिथे पाद्री होता. १८५३-५४ साली जवळच्या प्रेस्टनमध्ये गिरणी कामगारांचा मोठा संप झाला होता, त्याची धग पुस्तकात आहे.

काका तोवर गप्प होते. ते म्हणाले, “गिरणीची आहे? मग हीच घेऊ.” का ते तेव्हा सांगितलं नाही.

महिना घेतला जुलै. सण कमी, पावसामुळे संध्याकाळी बाहेर जाणं कमी, आणि आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागत होता, तेव्हा काकूंच्या मते काहीतरी नेमाने वाचायला हाच काळ योग्य. वाटणी अशी केली: पहिल्या आठवड्यात अध्याय १ ते १३, दुसऱ्यात १४ ते २४, तिसऱ्यात २५ ते ३८, चौथ्यात ३९ ते ५२. दुसऱ्या आठवड्यात अध्याय कमी आहेत, कारण गिरणीमालकाच्या दारावर चालून आलेला जमाव बाविसाव्या अध्यायात आहे, आणि चोविसाव्यानंतर वाचकाला जरा थांबून बोलावंसं वाटतंच. रविवारी वाचन नाही, फक्त बैठक. शेवटचे तीन दिवस कोरे ठेवले, मागे पडलेल्यांसाठी. वाचनाचे दिवस उरले चोवीस, रोजचे साडेसात हजार शब्द, म्हणजे मधल्या वेगाला पन्नास मिनिटं.

नियम तीनच. पान क्रमांक कोणी सांगायचा नाही, अध्याय सांगायचा. प्रत हातात आली की आधी शेवटचा अध्याय बावन्नावा आहे का ते पाहायचं. नसेल तर ती प्रत बाजूला. आणि गटावर रोजची विचारपूस बंद. ज्यांना छापील प्रत नको त्यांच्यासाठी प्रोजेक्ट गुटेनबर्गवर संपूर्ण पुस्तक मोफत आहे. काकांनी तेच घेतलं, अक्षर मोठं करून वाचता येतं म्हणून. जे भराभर वाचतील त्यांच्यासाठी जोडीला ‘हार्ड टाइम्स’ ठेवलं. तीही गिरणीगावाची, त्याच साप्ताहिकात काहीच आठवडे आधी संपलेली.

प्रत्यक्ष महिना

पहिले चार अध्याय सगळ्यांना जड गेले, आणि दोष गॅस्केलचा नव्हता. मार्गारेटचे वडील धर्ममतांविषयी मनात शंका आल्यामुळे पाद्रीपद सोडतात आणि त्यासाठी घर, गाव, उत्पन्न सगळं सोडावं लागतं. दादांनी दुसऱ्याच दिवशी मला फोन केला: “शंका आली तर आली, कोणाला सांगायची कशाला? आणि देवावर तर विश्वास आहेच की त्यांचा.” तेव्हाच्या इंग्लंडात चर्चचा अधिकारी व्हायचं तर ठरलेल्या एकोणचाळीस कलमांना संमती द्यावी लागे, बढती किंवा बदली घेतानाही ती पुन्हा द्यायची वेळ येई, आणि खोटी संमती देणं या माणसाला जमत नाही, हे कळल्याशिवाय पुढचं सगळं अधांतरी वाटतं. बाईंनी पहिल्या रविवारी वीस मिनिटांत ते समजावलं. ते एक तारखेच्या आधी व्हायला हवं होतं.

दुसरा अडथळा बोलीचा. निकोलस हिगिन्स हा कामगार आणि त्याची मुलगी बेसी लँकशरच्या बोलीत बोलतात. ‘हू’ म्हणजे ‘ती’, ‘क्लेम’ म्हणजे उपाशी मरणं, ‘नॉबस्टिक’ म्हणजे संप फोडून कामावर जाणारा. शब्दकोश उघडून वाचणाऱ्यांचा वेग निम्म्यावर आला. उपाय काकूंकडेच निघाला. त्या लिबरीव्हॉक्सवरचं ध्वनिमुद्रण ऐकत समोर पुस्तक धरत होत्या. ते स्वयंसेवकांनी वाचलेलं असतं, मोफत मिळतं. त्या म्हणाल्या, अहिराणी कागदावर वाचताना अडखळायला होतं, पण कोणी म्हणून दाखवली की लगेच कळते, तसं हे आहे. मग बैठकीत हिगिन्सचे संवाद मोठ्याने वाचायचं ठरलं. बाई हिगिन्स झाल्या, एम.ए.ची मुलगी मार्गारेट. निम्मे शब्द न अडता समजले.

पण या महिन्यातला खरा पेच दुसऱ्या आठवड्यातला. तो आखणीच्या कागदावर कुठेच नव्हता.

तेराव्या अध्यायात बेसी मार्गारेटला आपल्या आजाराचं कारण सांगते. गिरणीत कार्डिंगच्या खोलीत कापूस विंचरताना पांढरे बारीक तंतू हवेत उडतात, ते छातीत जाऊन बसतात. ती धूळ ओढून घेणारं मोठं चाक काही मालक बसवतात, पण त्याला पाच-सहाशे पौंड पडतात आणि त्यातून नफा काही निघत नाही, म्हणून पुष्कळसे बसवत नाहीत. हा अध्याय पहिल्या रविवारच्या बैठकीत होता. काका त्या बैठकीत एक शब्द बोलले नाहीत. पुढचे चार दिवस त्यांच्याकडून काहीच नाही. रोजची विचारपूस बंद होती, पण मला राहवलं नाही, आणि मी त्यांना एकट्याला लिहिलं: “काका, मागे पडलात का? तीन कोरे दिवस आहेत, काळजी नको.”

उत्तर आलं नाही. रविवारी ते आले आणि बसल्या बसल्या म्हणाले, “मी मागे पडलो नाही. मी तिथे थांबलो होतो.”

त्यांचे वडील परळच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. काकांच्या लहानपणी घरात सकाळ व्हायची ती भोंग्याने आणि वडिलांच्या खोकल्याने. डॉक्टर दमा म्हणायचे, आई म्हणायची तंबाखू. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा काका अकरावीत होते. वर्षभराने घर आवरून सगळे गावी गेले. वडील फार जगले नाहीत. “कापूस छातीत जातो हे १८५४ साली मँचेस्टरच्या एका पाद्रीणबाईला माहीत होतं,” काका म्हणाले. “आमच्या घरात कोणालाच कसं माहीत नव्हतं?”

त्या दिवशी उरलेल्या अध्यायांवर बोलणं झालंच नाही. बाईंनी मला खुणेने विचारलं, पुढे न्यायचं का? मी नको म्हणाले. त्या महिन्यातला माझा एवढा एक निर्णय मला निर्विवाद बरोबर वाटतो. दादांनी काकांना औषधांबद्दल दोन-तीन गोष्टी विचारल्या, काकूंनी चहा पुन्हा टाकला, आणि आम्ही मुंबईबद्दल बोलत राहिलो. कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी उभारली ते सालही १८५४च, हे एम.ए.च्या मुलीने शोधून सांगितलं. मिल्टनच्या धुराची गोष्ट इंग्लंडात हप्त्याहप्त्याने छापली जात होती, त्याच सुमारास तोच धंदा आपल्याकडे येऊ घातला होता.

तिसरा आठवडा मंदावला. पंचविसाव्या अध्यायापुढे आजारपण आणि मृत्यू एकामागून एक येतात. स्वतः गॅस्केलने डिकन्सला लिहिलं होतं, की पुस्तकाचं नाव ‘मृत्यू आणि त्याची रूपं’ अशा अर्थाचं शोभलं असतं, कारण त्यात पाच मृत्यू आहेत. ताईचं कामही याच आठवड्यात वाढलं. तिने तिसाव्या अध्यायावर थांबत असल्याचं रविवारी सरळ सांगितलं, आणि तरी ती बैठकीला आली. ऑक्टोबरात दादा आले नव्हते, आणि आता ताई न वाचताही आली, हा फरक मी मनात धरून ठेवला आहे.

चौथ्या आठवड्यात वाद झाला तो शेवटावर. साप्ताहिकात जागा किती हे ठरलेलं असल्याने संपादक डिकन्सशी गॅस्केलची लांबीवरून ओढाताण झाली होती, शेवट घाईत गुंडाळावा लागला होता. १८५५ साली पुस्तक काढताना तिने शेवटाकडचा भाग वाढवला आणि प्रस्तावनेत तसं सांगितलंही. बाईंना मालक थॉर्नटन आणि कामगार हिगिन्स एकमेकांना माणूस म्हणून ओळखू लागतात, एका जेवणघरामुळे बोलू लागतात, हा पुस्तकाचा गाभा वाटला. काकांना ते पटलं नाही. “एक मालक सुधारला म्हणून धुळीचं चाक सगळीकडे बसतं का?” त्यांनी विचारलं. बाई थोडा वेळ थांबून म्हणाल्या, “नाही. पण हिगिन्सचं म्हणणं इतकं नीट ऐकून लिहिणारं तेव्हा दुसरं कोण होतं?” दोघंही आपापल्या जागी राहिले.

निष्पत्ती

सातांपैकी पाच जणांनी एकतीस जुलैपर्यंत पुस्तक पूर्ण केलं. सगळ्यात आधी पूर्ण करणारे कोण? दादा. दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत, गल्ल्यावर. काकूंचे बावन्न अध्याय चार ऑगस्टला झाले. त्यांनी इंग्रजीत पूर्ण वाचलेली ही पहिली कादंबरी. ताई तिसाव्या अध्यायावर थांबली ती थांबलीच. ‘हार्ड टाइम्स’ फक्त एम.ए.च्या मुलीने आणि बाईंनी वाचलं.

वेळेचा अंदाज बराचसा बरोबर निघाला. पन्नास मिनिटं धरली होती, पहिल्या आठवड्यात ती सव्वा तासावर गेली आणि बोली सरावाची झाल्यावर पुन्हा खाली आली. तीन कोरे दिवस चार जणांनी वापरले.

आज पुन्हा आखायचं झालं तर

वेगाची चाचणी मी ‘क्रॅनफर्ड’वर घेतली, ती चूक होती. ते सोपं, हसरं पुस्तक आहे. जे वाचायचं त्याच्याच पहिल्या अध्यायावर आणि बोली असलेल्या एखाद्या अध्यायावर घ्यायला हवी होती, म्हणजे पहिल्या आठवड्याचा भार हलका ठेवता आला असता.

पूर्वपीठिका आधी सांगेन. गोष्ट फुटू नये म्हणून मी बाईंना थांबवलं होतं. पण चर्च, चर्चपासून फुटून निघालेले पंथ, गिरणीत कामाच्या खोल्या कशा असतात, हे सांगितल्याने गोष्ट फुटत नाही.

जोडीचं दुसरं पुस्तक वेळापत्रकात लिहिणार नाही. ते कागदावर असल्यामुळे दादांना शेवटपर्यंत आपलं निम्मंच झाल्यासारखं वाटत होतं, पुस्तक सगळ्यांच्या आधी संपवूनही. ज्याला वाचायचं तो वाचतोच.

तिसऱ्या आठवड्याची वाटणी चुकली. चौदा अध्याय मी सगळ्यात दुःखाच्या भागात घातले. पारायणाचा दाखला समोर असून मी तिथे अध्यायांची लांबी पाहिली, वजन पाहिलं नाही. आज मी पंचविसाव्यापासून पस्तिसाव्यापर्यंतच ठेवेन आणि मध्ये एक जादा कोरा दिवस देईन. ताई कदाचित थांबली नसती. नक्की सांगता येत नाही, तिचं काम खरंच वाढलं होतं.

आणि काकांना तो संदेश पाठवणार नाही. एखादा वाचक गप्प झाला तर तो मागेच पडला असेल असं मी धरून चालले. विचारायचंच होतं तर घरी जाऊन, पुस्तकाचा विषय न काढता विचारायला हवं होतं. काकांचं घर चार गल्ल्या सोडून आहे.

‘मिडलमार्च’चं अजून ठरतंय. मुळात भाग बहुतेक दोन-दोन महिन्यांनी यायचे, आपण महिन्याला एक घेऊ, असं एम.ए.च्या मुलीचं म्हणणं आहे. बाईंना ते फार सावकाश वाटतं. काकूंनी आठही भागांचे अध्याय मोजून, प्रत्येकापुढे ध्वनिमुद्रणाची मिनिटं लिहून कागद तयार केलाय. पुढच्या रविवारी तो कागद मध्ये ठेवून बसायचंय, आणि ताई येते म्हणालीये.